खिळेमास्तरांचा ओटा

स्टोअरबाईंना आवराआवरीचं वेड होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. इस्पितळाच्या औषधभांडारात एकतीस वर्षं काढलेली बाई. जुना माल पुढे, नवा मागे, सारखं सारख्याशेजारी. निवृत्तीनंतर भांडार सुटलं. पण जित्याची खोड, ती कुठे सुटते? दर शनिवारी त्या घरातलं एक कपाट रिकामं करायच्या आणि पुन्हा लावायच्या, आधीपेक्षा चांगलं. घर लावून झालं, असं त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं.

त्यांचे यजमान छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक वेचून ओळी जुळवायचे. म्हणून सगळे त्यांना खिळेमास्तर म्हणत. गेल्या दोन वर्षांत मास्तरांची नजर उतरत गेली आणि आता नुसता उजेड आणि सावली उरली होती. डॉक्टरांनी हात टेकले. मास्तरांनी टेकले नाहीत. सकाळचा दोघांचा चहा ते स्वतः करायचे, आणि त्यात कुणी मदतीला आलेलं त्यांना खपत नसे.

मग एका सोमवारी त्यांचं मनगट भाजलं. उकळत्या चहाचं पातेलं उतरवायला त्यांनी सांडशीसाठी हात घातला, तर सांडशी जागेवर नव्हती. ती शनिवारी खणात गेली होती, झारा आणि उलथन्याच्या पंगतीत.

लेक मुख्याध्यापिका होती. शाळेतला आवाज तसाच घेऊन ती आली, वडिलांच्या मनगटाची पट्टी पाहिली आणि मुदत देऊन मोकळी झाली. महिन्याने ती परत येणार, बाबांना एकट्याने चहा करताना पाहणार. जमला तर ठीक. नाही जमला तर दोघांनीही बाडबिस्तरा गुंडाळून तिच्याकडे राहायचं आणि बाबांनी ओट्याजवळ फिरकायचंसुद्धा नाही. लेकीचा जीव तुटत होता, हे कळायला काही अक्कल लागत नव्हती. पण मास्तर पूर्वी आठ दिवस तिच्याकडे राहून आले होते. खुर्चीत बसायचं आणि पाण्यासाठीही हाक मारायची. परत आल्यावर ते म्हणाले होते की तिथे मी पार्सल होतो, इथून उचलून तिथे ठेवायचं.

लेक गेल्यावर बाईंनी पदर खोचला. आता घर असं लावते की बोट ठेवायला जागा राहणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

"अगं, तू घर छान लावतेस," मास्तर म्हणाले. "पण लावलेलं तू राहू देत नाहीस."

बाईंना हे झोंबलं. सांडशी खणात ठेवताना आपला हात किती समाधानाने फिरला होता, तेही आठवलं. चूक त्यांची होती. इतके दिवस त्या मनातल्या मनात ती मास्तरांच्या डोळ्यांवर ढकलत होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्या जास्तच कामाला लागत.

मास्तरांनी छापखान्याची रीत सांगितली. खिळे वेचताना खान्यांकडे त्यांनी चाळीस वर्षांत मान वळवून पाहिलं नव्हतं. जे अक्षर सारखं लागतं ते हाताशी, क्वचित लागणारं वर कोपऱ्यात. छापून झालं की प्रत्येक खिळा परत आपल्या खान्यात टाकूनच घरी जायचं. नव्या मालकाने एकदा खाने नीट वर्गवारीने लावून दिले, तेव्हा पुढे तीन आठवडे एक पान धड निघालं नाही.

मग चार दिवस मास्तर ओट्यापुढे उभे राहून हात पुढे करत आणि हात जिथे थांबे तिथे बाई वस्तू ठेवत. सांडशी शेगडीच्या उजवीकडे, भिंतीतल्या खिळ्याला. साखर पहिली, चहा दुसरा, मीठ पार पलीकडे. चहाच्या डब्यापासून वीतभर डावीकडे गाळणं, आणि त्याच्याखाली नेलकटर, कारण मास्तरांचा हात तो तिथेच शोधायचा. चहाशेजारचा तो नेलकटर बाईंनी दोनदा उचलला आणि दोन्ही वेळा परत तिथेच ठेवला.

लावणं चार दिवसांचं होतं. खरी कसोटी शनिवारची. पहिल्या शनिवारी बाईंचे हात असे शिवशिवले की त्या चपला घालून इमारतीला पाच फेऱ्या मारून आल्या. दुसऱ्या शनिवारी तीन. वापरलं की हातासरशी जागेवर, ही एकच शिस्त, आणि ती त्यांनी पाळली.

महिना भरला. लेक हाताची घडी घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मास्तरांनी तीन कप चहा केला. थेंब सांडला नाही, एकदाही हात चाचपडला नाही. लेक चहा प्यायली, "बरं" एवढंच म्हणाली आणि मायेने सगळं घासूनपुसून ठेवून निघाली. बाई तिच्याबरोबर दारापर्यंत गेल्या.

मास्तर पाणी प्यायला उठले. त्यांचा हात पेल्याच्या जागी गेला, तिथून बाजूला, आणि अधांतरी थांबला. लेकीने पेल्यात पेला घालून वरच्या फळीवर सुबक उतरंड रचली होती. गाळणं, सांडशी, चमचे खणात. खाण तशी माती.

दारातून परतलेल्या बाई ते क्षणात परत लावू शकल्या असत्या. त्या गॅलरीत गेल्या आणि त्यांनी लेकीला हाक मारली. तीन जिने चढून लेक धापा टाकत आली. तिची बस चुकणार होती.

"चुकू दे," बाई म्हणाल्या. "सगळं बाहेर काढ, डोळे मीट आणि बाबांना विचार."

लेकीने आईकडे पाहिलं. मग वडिलांकडे, पेल्याच्या रिकाम्या जागी टेकलेल्या त्यांच्या हाताकडे. तिने डोळे मिटले. मास्तर सांगत गेले, पेले आधी, मग चमचे, चहाच्या डब्यापासून वीतभर डावीकडे गाळणं. लेकीचा हात भिंतीवरून सरकत होता, अडत होता, पुन्हा सरकत होता. सांडशी राहिली. मास्तर बोलायच्या आत तिचा हात शेगडीच्या उजवीकडे गेला आणि तिने ती खिळ्याला अडकवली. डोळे मात्र उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांतून पाणी गालावर आलं.

"माझ्याकडे यायचं राहू दे, बाबा," ती म्हणाली. "मीच येत जाईन."

"ये," मास्तर म्हणाले. "पण चपला दाराच्या डाव्या हाताला काढत जा. मघाशी तू आलीस तेव्हा मी त्यांना अडखळलो. तेव्हा बोललो नाही."

लेक निघालीच होती. तरी दाराशी जाऊन तिने आधी आपल्या चपला उचलल्या, डाव्या हाताला भिंतीशी जोडीने लावल्या, आणि मग पायात घातल्या.