दोन ते अडीच

“हे घ्या त्यांचं यंत्र, आणि खातं बंद करा एकदाचं,” असं म्हणत नळवाल्याच्या बायकोने पिशवीतलं यंत्र टेबलावर ठेवलं. वायर गुंडाळून सुतळीने बांधलेली होती.

तराजूबाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग संगणकाच्या पडद्याकडे.

ऑफिस क्रिप्टो मायनिंगच्या ‘पूल’चं, म्हणजे संगणकावरचं चलन मिळून कमावणाऱ्या गटाचं होतं. हजारभर लोकांची यंत्रं आपापल्या घरून एकच आकडा शोधत. तो कुणालाही सापडो, बक्षीस ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे वाटलं जाई. यंत्रं कामाचे पुरावे पाठवत राहात, बाई ते मोजून वाटे ठरवत. नाव पडलं ते त्यावरूनच.

“हे बंद कधी केलंत?”

“ते गेले त्याच दिवशी. महिना झाला. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही बघा.”

पडद्यावर नळवाल्याच्या नावापुढे नवा पुरावा उमटला. पाठोपाठ आणखी एक.

मालक मागे येऊन उभे होते. “बाई, त्याच्या नावावर कुणीतरी घुसलंय. नाव खोडा, वाटा बाकीच्यांत घाला. तीनला आजची वाटणी आहे.”

“एकेक पुरावा तपासलाय, साहेब. खोटा एकही नाही.”

“म्हणजे मेलेला माणूस काम करतोय?”

“मी काम मोजते. माणसं नाही.”

“चुकलात तर उद्या या खुर्चीत दुसरं कुणी बसेल.”

नळवाल्याच्या चार वर्षांच्या कामाची रेघ बाईंनी पडद्यावर आणली. रेघ रोज एकाच जागी तुटलेली होती. दोन ते अडीच.

“यंत्र रोज बिघडायचं का हो या वेळेला?”

“बिघडतंय कशाला! मी दुपारी जरा आडवी व्हायचे. घरघरीने झोप लागेना, म्हणून तेच यंत्र बंद करायचे. मी म्हणायचे, अहो, वाटा कमी होईल. तर म्हणायचे, होऊ दे, तू घोरतेस तेवढं पुरे आहे घराला.” ती हसली आणि मग पडद्याकडे बघतच राहिली. “रेघ शेवटची तुटली ती तारीख कुठली?”

“कालची,” बाई म्हणाल्या.

ती भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली. यंत्राचं ओझं घेऊन दोन बस बदलून आली होती.

घड्याळात दोन वाजले. रेघ थांबली.

मालकांनी तोंड उघडलं, तसं बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. खुर्चीवर नळवाल्याच्या बायकोची मान भिंतीला टेकली होती. श्वास संथ चालला होता, मग किंचित घोरणंही आलं. मालक टेबलावरच्या सुतळीने बांधलेल्या वायरीकडे बघत उभे राहिले आणि काही वेळाने, चपलांचा आवाज न करता, आपल्या खोलीत गेले.

अडीचला पुरावा उमटला. तिने डोळे उघडले.

तीन वाजता तराजूबाईंनी नळवाल्याचा वाटा लिहिला. दिवसाचं काम साडेतेवीस तासांचं होतं. साडेतेवीस तासांचंच लिहिलं.