फळीची पाठ

कौसल्याच्या हातची फळी साइटवरून नापास होऊन परत आली, असं एकोणीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. चिंचपोकळी स्टेशनाच्या भिंतीला लागून राजेशशेठचा गाळा आहे. शेठ शटरिंगचं प्लायवूड भाड्याने देतो. ज्यांच्यावर काँक्रीट ओतून स्लॅब भरतात, त्या फळ्या. स्लॅब घट्ट झाला की फळ्या काढायच्या, टेम्पोत टाकायच्या आणि कौसल्यापुढे आणून उतरवायच्या. तोवर त्यांची पार रया गेलेली असते. चिकटलेलं सिमेंट, खिळ्यांची भोकं, उकललेले कोपरे. ती लोखंडी पट्टीने खरवडते, भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरते, मोठं भोक असेल तर प्लायचीच गोल टिकली कापून बसवते, काचपेपर मारते आणि वरून रेझिनचा हात देते. काँक्रीटला स्वतःची अक्कल नसते. फळीवर जे असेल ते तसंच्या तसं उचलतं. इथे एक भोक राहिलं की तिकडे कुणाच्या तरी दोन कोटींच्या फ्लॅटच्या छताला पुळी येते.

हे झालं फळीच्या तोंडाचं. आपली गोष्ट आहे ती पाठीची.

पाठीकडे कुणी बघत नाही. तिला काँक्रीट लागायचं नसतं, त्यामुळे ती कशीही असली तरी चालते. लालबागच्या चोवीस मजली टॉवरवर बुद्धभूषण नावाचा मिस्त्री होता, पन्नाशीचा, त्याने या पाठीचा उपयोग सुरू केला. पहिल्या खेपेला तो स्वतः टेम्पोबरोबर आला होता. कौसल्याच्या कोपऱ्यातला बाबासाहेबांचा फोटो बघून म्हणाला, "जय भीम, ताई." मग एका फळीतून बाहेर आलेला खिळा त्याला दिसला. तो खाली बसला, आपल्या हातोडीने खिळ्याचं टोक आत वळवलं आणि म्हणाला, "हाताला लागेल तुमच्या." पंधरा मिनिटांत गेलासुद्धा. दोन वर्षांत दोघांची समोरासमोर भेट झाली ती एवढीच.

त्यानंतर फळ्या यायच्या त्यांच्या पाठीवर सुताराच्या लाल पेन्सिलीने लिहिलेलं असायचं. "ताई, हा कोपरा बघा." कौसल्या खाली लिहायची, "बघितला." पुढच्या खेपेला, "ताई, इथे ठोकल्यावर पोकळ वाजतं." ती लिहायची, "आता वाजणार नाही." असं चार-पाच महिने चाललं. मग एकदा त्याने लिहिलं, "ताई, मागच्या खेपेला तुमचा हात नव्हता का? लांबी वेगळी वाटली." आणि खरंच नव्हता. तिला ताप होता म्हणून शेठने दुसऱ्या माणसाकडून काम उरकून घेतलं होतं. पण हात बदलला की काम बदलतं हे शेठला कळलं नाही, साइटच्या इंजिनीअरला कळलं नाही. या माणसाला भरलेल्या भोकांवर हात फिरवून कळलं.

"ताप होता," तिने लिहिलं. उत्तर आलं, "आता बरं आहे ना?"

त्यात ताई नव्हतं. तिला वाटलं विसरला असेल. तिने त्या खेपेच्या सगळ्या फळ्या पालथ्या करून बघितल्या. ताई कुठेच नव्हतं. आता मुंबईत ताई म्हणायला काय लागतं? भाजीवालीपासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांना म्हणतात. म्हटलं की मधे भिंत घालून माणूस मोकळा होतो. पण म्हणता म्हणता एखाद्याने सोडलं, तर त्याने विचार करून सोडलेलं असतं. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून कौसल्या कुणाची आई होती, कुणाची मावशी होती, कुणाची वहिनी होती. नुसती कौसल्या कुणाचीच नव्हती. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने आरशात बघितलं आणि स्वतःलाच म्हणाली, "चळलीस की काय गं?"

मग हळूहळू पाठीवर बाकीचंही येऊ लागलं. "घरी एकटाच. बायको जाऊन सहा वर्षं झाली." "मुलगी दीपिका अंबरनाथला दिली. जावई बरा आहे." "आज विसाव्या मजल्यावरून तुमच्या गाळ्याचा पत्रा दिसला. निळा आहे ना?" त्या दिवसापासून ती दुपारचा डबा गाळ्याच्या दारात बसून खाऊ लागली. वरून माणूस दिसत नाही हे तिलाही कळत होतं. तरी बसायची.

तुम्ही म्हणाल, अहो, मोबाइल काय पुजायला ठेवलेत का? दोघांकडेही होते. पण पन्नाशीच्या बाईने परक्या माणसाचा नंबर मागायचा म्हणजे काहीतरी आहे हे कबूल करायचं. फळीवर लिहिलं तर ते कामाचं असतं. टेम्पोवाला विकास वाचेल, शेठ वाचेल, कुणाला काही वाटणार नाही. आणि खरं सांगायचं तर तिला ती वाट बघायची सवय लागली होती. स्लॅब भरला की पंधरा दिवस, मग टेम्पो.

आणि तीन महिन्यांपूर्वी अचानक ताई परत आलं.

"ताई, कोपरा बघा." एवढंच. पुढच्या खेपेलाही तेच. तब्येतीचं विचारणं नाही, निळा पत्रा नाही, काही नाही. कौसल्याने आपण शेवटचं काय लिहिलं होतं ते आठवून बघितलं. "थंडीत लांबी सुकायला वेळ लागतो," असं लिहिलं होतं. त्यात राग यायचं काय होतं? विचारावं असं रोज वाटायचं. पेन्सिल उचलायची आणि "बघितला" लिहून खाली ठेवायची. मनातून मात्र ती पार हलली होती. या वयात आपल्याला काही हवंसं वाटलं हेच चुकलं, असं ती स्वतःला बजावायची आणि टेम्पोचा हॉर्न वाजला की पुन्हा पहिली धावायची.

अशात टॉवरचा शेवटचा स्लॅब आला.

"मावशी, फळ्यांची तोंडं संपली आता," राजेशशेठ म्हणाला. "चाळीसच्या चाळीस पलटी मार. पाठी साफ करून त्यांचीच तोंडं कर. शेवटचा स्लॅब भागला की झालं. गुरुवारी टेम्पो लागेल."

पलटी मारणं काही नवीन नव्हतं. तोंडाच्या बाजूला भरायलाही जागा उरली नाही की फळी उलटी करायची. पाठीवरचे सिमेंटचे ओघळ काढायचे, काचपेपरने घासून कोरी करायची, रेझिन द्यायचं. कौसल्याने असल्या शेकडो मारल्या होत्या. पण या पाठी घासायच्या म्हणजे दोन वर्षं घासायची, आणि तीही आपल्याच हाताने. ती दोन दिवस फळ्यांच्या कडाच सारख्या करत बसली. तिसऱ्या दिवशी शेठने दोनदा डोकावून बघितलं तेव्हा तिने काचपेपर उचलला.

"आता बरं आहे ना?" गेलं. निळा पत्रा गेला. घासायच्या आधी प्रत्येक ओळ ती एकदा वाचायची, मग हात चालवायची. लाल भुकटी तिच्या नखांत बसली होती.

एकतिसाव्या फळीच्या पाठीवर सिमेंटचा जाड थर होता. सांध्यातून गळून खाली ओघळलेला, चांगला ताटाएवढा. असे थर पाठीला नेहमी असतात, नडत नाहीत म्हणून कुणी काढत नाही. तिनेही गेल्या तीन-चार खेपांत तो तसाच ठेवला होता. आज पट्टी खाली सारून तिने जोर दिला आणि अख्खी खपली एकदम निघाली. खाली लाल अक्षरं होती. काही फळीवर राहिली होती, काही सिमेंटने उचलली होती, उलटी. कौसल्याने खपली शेजारी धरली आणि इकडचं एक, तिकडचं एक असं जुळवत वाचलं.

"रविवारी सहा तारखेला संध्याकाळी पाच वाजता चिंचपोकळीच्या पुलावर उभा राहतो. एक चहा घेऊ. नाही आलात तर मी समजेन. परत विचारणार नाही. बुद्धभूषण."

ती खाली बसली. सहा तारीख. तीन महिने होऊन गेले होते. त्याने लिहिलं, दुसऱ्या दिवशी स्लॅब भरला, सांधा गळला आणि त्याच्या प्रश्नावर सिमेंट पडलं. त्याला वाटलं, बाईने वाचलं आणि आली नाही. शहाणा माणूस, गपचूप ताईवर परत गेला. तो पुलावर उभा असताना ती पाच मिनिटांच्या अंतरावर घरात होती. काय करत होती? तांदूळ निवडत होती, की टीव्ही बघत होती? तिने खूप ताण दिला, पण तो रविवार तिला आठवेना. इतका साधा दिवस होता तो. याचंच तिला सगळ्यात जास्त रडू आलं.

आता फक्त ही शेवटची खेप. पाठ घासली तर संपलं, आणि घासलेल्या फळीवर लिहिलं तर काँक्रीट ते गिळून टाकणार, कारण पाठीचं आता तोंड झालं होतं. दुसऱ्या बाजूला लिहावं, तर त्या मोडक्या तोंडाकडे तो कशाला बघेल? त्याला माहीत होतं ना, या बाईच्या हातची फळी बघावी लागत नाही म्हणून.

कौसल्या उठली. तिने एकतिसावी फळी घासली नाही. पलटी मारली नाही. तोंडाची भोकंही तशीच ठेवली. त्याच्या ओळींखाली तिने लिहिलं, "सिमेंटखाली होतं. आज वाचलं. त्या दिवशी वाचलं असतं तर आले असते. येत्या रविवारी पाच वाजता मी उभी राहते. कौसल्या." आणि ती फळी तिने बाकीच्या एकोणचाळीस गुळगुळीत फळ्यांच्या मधोमध सरकवली. चाळीसात एक भोकाभोकांची निघाली की मिस्त्री चिडेल, आणि चिडला की फिरवून बघेल. तिचा हिशेब एवढाच होता. शेठला कळलं तर काय सांगायचं, याचा तिने विचारच केला नाही.

रविवारी ती साडेचारलाच पुलावर जाऊन उभी राहिली. हिरवी साडी, जी तिच्या मुलीने दिली होती आणि जिची घडी तिने अजून मोडली नव्हती. पाच वाजले. साडेपाच झाले. चाळीतल्या सुंदराबाई पिशवी घेऊन गेल्या, परत आल्या, "कुणाची वाट बघतेस गं?" म्हणाल्या. "भाचीची," कौसल्या म्हणाली. सहा वाजले. पुलावरून टॉवरचे वरचे मजले दिसत होते. इतकं जवळ माणूस असतो आणि आपण इथे असं उभं राहायचं, असं वाटून तिचा जीव कासावीस झाला. सात वाजता पाय भरून आले, तरी ती कठड्याला टेकून थांबली. त्याला कसं वाटलं असेल ते आता तिला कुणी सांगायला नको होतं. साडेसातला ती घरी गेली आणि साडीची घडी घालून ठेवून दिली.

सोमवार तसाच गेला. मंगळवारी दुपारी टेम्पो आला.

"मावशी, एक नापास आली," विकास गाडीतूनच म्हणाला. "काय झालं तुम्हाला?"

राजेशशेठ बाहेर आला. टेम्पोत एकच फळी उभी होती. तोंडावर खडूची मोठी फुली. "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा," शेठ म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि आश्चर्यच जास्त होतं. "आणि हिला बांधलंय कशाला एवढं?"

फळीच्या पाठीवर प्लास्टिकचा जाड कागद घट्ट ताणून बसवला होता. चारी बाजूंनी बाइंडिंगची तार होती.

"मिस्त्रीने स्वतः बांधली," विकास म्हणाला. "म्हणाला उभीच ने, हिच्यावर काही टाकू नको, सिमेंटचा एक थेंब पडता कामा नये. मावशीच्या हातात दे, दुसऱ्या कुणाला नको."

कौसल्याने फळी ओढत आपल्या कोपऱ्यात नेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तारेची सगळी टोकं आत वळवलेली होती. हाताला लागू नयेत म्हणून. ती तिने एक एक करून सोडवली.

तिच्या ओळींखाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं. "पोरांनी फुली मारून कोपऱ्यात टाकली, मला दाखवलीच नाही. आज तुमच्या हातची फळी नापास कशी म्हणून फिरवून बघितली. त्या सहा तारखेला मी नऊपर्यंत होतो. काल तुम्ही किती वेळ उभ्या होतात ते विचारायची हिंमत नाही. या रविवारी पाच वाजता. फळीच्या भरवशावर आता नको, खाली नंबर लिहिलाय. पण फोन नाही केलात तरी मी येतो, कौसल्या."

तिने ताई शोधलं. फळीवर कुठेच नव्हतं.

"मावशी, हिचं काय करायचं?" शेठने दारातून विचारलं. "पलटी मारतेस की भंगारात टाकू?"

"ही राहू द्या शेठ," ती म्हणाली. "ही मला घरी न्यायची आहे."

कौसल्याने डोळे पुसले आणि बोटांवर दिवस मोजले. रविवारला पाच दिवस होते. अकरा वर्षं तिने मुकाट्याने काढली होती, पण हे पाच दिवस कसे काढायचे ते तिला समजेना.