मॅलकीची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. एवढे मी खात्रीने सांगू शकते. कशाची बाटली, हे मात्र विचारू नका. तिथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

जन्माला आले तेव्हा असे नव्हते. भट्टीतून निघाले, गार झाले आणि माझ्यात साय व व्हिस्की मिसळून केलेली महागडी गोड लिकर भरली गेली. सोनेरी काठाचे लेबल मिरवत मी आयर्लंडमधल्या रॉसकॉमन गावच्या एका दुकानात जाऊन बसले. तिथून एका नाताळात डेअरीची गाडी चालवणाऱ्या मॅलकीने मला घरी नेले. त्याच्या बायकोने, कन्सेप्टाबाईंनी, दारूला कधीही न शिवण्याची शपथ शाळेत असतानाच घेतली होती. त्या शपथेची छोटी पिन त्या अजून कोटावर लावतात. त्यामुळे मला संपवले ते मॅलकीने आणि त्याच्या धाकट्या बहिणीने, फिलोमिनाबाईंनी. शेवटचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "वहिनी, या घरात एवढी एकच गोष्ट उंची आहे बघ."

तो मॅलकीचा शेवटचा नाताळ ठरला. पुढच्या वर्षी विधवेच्या पेन्शनमध्ये महागडी लिकर कुठून यायची? कन्सेप्टाबाईंनी सुपरमार्केटमधली स्वस्त लिकर आणली, नरसाळे लावले आणि ती माझ्यात ओतली. चाखून पाहण्याचा प्रश्नच नव्हता, पिन आडवी आली. फिलोमिनाबाई आल्या, प्याल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "अगदी मॅलकीची चव. ते सुपरमार्केटमधलं मी तोंडाला लावणार नाही हं." कन्सेप्टाबाईंचा जीव भांड्यात पडला. मी मात्र बुचकळ्यात पडले. हे कौतुक नक्की कोणाचे? काचेचे की लेबलचे? दर नाताळात हेच होत गेले आणि दर वर्षी मी तेवढीच गोंधळत गेले.

यंदा तर कहर झाला. ईस्टरला चर्चच्या दारात पवित्र पाण्याचे पिंप ठेवतात आणि जो तो हाताला लागेल ती बाटली घेऊन येतो. कन्सेप्टाबाईंच्या हाताला मी लागले. नाताळात दारू, ईस्टरला तीर्थ! त्यांनी ते घराच्या कोपऱ्यांत शिंपडले, गोठ्यात शिंपडले, मोटारीवरही शिंपडले. उरलेले माझ्यात तसेच राहिले. मला खिडकीच्या पडद्यामागे ठेवून त्या विसरून गेल्या.

विसरायला कारणही होते. गावात फादर पाळीपाळीने एकेका घरी येऊन मिस्सा, म्हणजे सगळ्यांसाठी प्रार्थनाविधी, करतात आणि बऱ्याच वर्षांनी या घराची पाळी आली होती. भिंतींना रंग लागला, दाराच्या बिजागऱ्यांना तेल मिळाले. सगळा गाव घरात येणार, त्यात फिलोमिनाबाईही येणार. "ह्यांच्या घरात काही उणं दिसायला नको," असे कन्सेप्टाबाई रंगाऱ्यालाही सांगत होत्या आणि मांजरालाही. त्या घाईत त्यांनी सुपरमार्केटची लिकर माझ्यात ओतली. सगळी मावलीच नाही. "यंदा दुकानवाल्यांनी जास्त भरली वाटतं," म्हणत त्यांनी उरलेली पिठाच्या डब्यामागे ठेवली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण बाटलीचे कोण ऐकतो!

मिस्सा झाली. टेबलावर हॅम आला, पाव आला, आणि छोट्या पेल्यांतून मी. शेजारचा फिंटन एक घोट घेऊन पेल्यात बघतच राहिला. फादर कोलमन म्हणाले, "हलकी आहे. सकाळच्या वेळेला बरी." सगळ्यांच्या नजरा फिलोमिनाबाईंकडे वळल्या. कन्सेप्टाबाई भरलेल्या कपातच चहा ओतत राहिल्या. इतक्या वर्षांचे बिंग आता भर गावात फुटणार होते.

फिलोमिनाबाईंनी घोट घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग वहिनीकडे पाहिले आणि पेला एका दमात रिकामा केला.

"मॅलकीचीच चव," त्या म्हणाल्या. "घाल अजून, वहिनी."

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन नाकाशी धरले.

"सुपरमार्केटची लिकर मी पहिल्याच वर्षी ओळखली, वहिनी. माझ्याही कपाटात तीच असते. पण यंदा हिच्यात घातलंस तरी काय?"

कन्सेप्टाबाईंची नजर खिडकीकडे गेली आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. "अगंबाई. वन्सं, ईस्टरचं पाणी."

"म्हणजे मी एवढं तीर्थ प्याले?"

"फादरसुद्धा प्याले."

"त्यांना चालतं ते," फिलोमिनाबाई म्हणाल्या, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मग कन्सेप्टाबाईंनी हळूच विचारले, "ओळखलं होतंत, तर दरवर्षी मॅलकीची चव, मॅलकीची चव, असं का म्हणत होतात?"

"तू त्याच्या बाटलीतून मला वाढत होतीस. दुसरं काय म्हणणार? त्याचं नाव तरी आता कोण काढतं गं, तुझ्या-माझ्याशिवाय?"

तीर्थ सिंकमध्ये कसे ओतायचे, म्हणून दोघींनी मला बाहेर नेऊन गुलाबाच्या मुळाशी रिकामे केले. मग कन्सेप्टाबाईंनी मला गरम पाण्याने विसळले आणि फिलोमिनाबाईंनी पिठाच्या डब्यामागची लिकर स्वतः नरसाळे धरून माझ्यात ओतली. झाकण लावण्याआधी कन्सेप्टाबाईंनी एका हाताने कोटावरची पिन धरली आणि मला हुंगले. "वास तर चांगला आहे," त्या म्हणाल्या.

तर मित्रांनो, मी उंची, स्वस्त की पवित्र, हे मला अजून उमगलेले नाही. तुम्हाला उमगले तर मला जरूर कळवा. तोवर माझी एवढी विनंती ऐका. घरातली जुनी बाटली टाकून देण्याआधी ती कोणी आणली होती, ते आठवून पाहा. आणि पुन्हा भरणार असाल, तर कृपा करून आधी विसळा.