टोपलीतले तेवीस

आमच्या क्लासात एक नियम होता. कुठल्याही कॉम्प्युटरला हात लावायचा तर आधी टोपली रिकामी करायची. पडद्यावर केराची टोपली असते ना, तिच्यावर माऊसचं उजवं बटण दाबायचं, वरून तिसरी ओळ निवडायची, मग जे काही विचारेल त्याला डावीकडचं उत्तर. झाला केर साफ. मी पोरींना म्हणायची, "सकाळी अंगण झाडता की नाही? तसंच हे." नव्याण्णव सालच्या डिसेंबरात हा नियम मी स्वतःच मोडीत काढला.

आता इतक्या वर्षांनी खरं सांगायला हरकत नाही. मला इंग्रजी बेताचंच येत होतं. पनवेलला ज्या क्लासात मी शिकले तिथले सर भराभर इंग्रजी झाडायचे, आणि मी शब्द सोडून जागा पाठ करायची. डाव्या कोपऱ्यात खाली स्टार्ट, त्यातली वरून अमुक ओळ, मग उजवीकडे, मग खालून दुसरी. याच भांडवलावर पेणला रामवाडीत दोन कॉम्प्युटर मांडले आणि मास्तरीण झाले. कुणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की मी डाफरायची, "अर्थ काय चाटायचाय? काम होतंय ना?" डाफरणारीला कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

तर एका गुरुवारी सॅम्युएलकाका क्लासात आले. सॅम्युएल अष्टमकर, रोह्याचे घड्याळवाले. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात पुलाजवळ पुढे दुकान आणि मागे घर. माझ्या वडिलांचं घड्याळ त्यांनी तीनदा जगवलं होतं. काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत त्यांना काम वर्ज्य, त्यामुळे शनिवारी त्यांचं दुकान बंद, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. शुक्रवारी चारच्या सुमाराला ते टेबल आवरायला घ्यायचे. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक काटा मोजून डबीत, डब्या वेताच्या टोपलीत, टोपली कपाटात. आतून हन्नाकाकू विचारायची, "आवरलं का?" काका म्हणायचे, "आवरलं." शनिवारी रात्री चांदण्या दिसल्या की तीच टोपली पुन्हा टेबलावर. लहानपणी वडिलांबरोबर जायची तेव्हा मी हे कानांनी ऐकलंय. अलीकडे त्यांचे हात थरथरायला लागले आणि दुकान कायमचं बंद झालं.

"रंभाबाय," काका म्हणाले, "माझ्या घरचा कॉम्प्युटर बघायला येशील? घाईचं हाय."

त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा एलियाह इस्राएलात कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. गेल्या वर्षी आई आजारी म्हणून आला तो येताना एक कॉम्प्युटर घेऊन आला. हन्नाकाकूने पडल्या पडल्या विचारलं, यात आवाज भरता येतो का? येतो म्हटल्यावर तिने मुलाकडून यंत्र चालू करून घेतलं आणि बापलेकांना दोघांनाही खोलीबाहेर काढलं. नंतर म्हणाली, "माझ्या कबरीच्या दगडावर काय लिवायचं ते यात सांगितलंय. दगड बसवायची वेळ आली की ऐका. आधी ऐकाल तर बघा." जानेवारीत ती गेली.

"आता वर्ष होतंय," काका म्हणाले. "दगड गडब गावाला बाबाजी पाथरवटाकडं पडून हाय, कोरा. तो म्हणतो सोमवारपर्यंत अक्षरं द्या, नायतर वर्षाच्या दिवसाला होणार नाय. आणि मी तिच्या शब्दाबिगर त्यावर रेघ मारू देणार नाय."

"एलियाहला फोन करून विचारा ना."

"त्याला कुठं ठाव हाय? त्यालाही भाईर काढलेला."

"मग अडलंय कुठे? कॉम्प्युटर चालू होत नाही?"

"चालू होतो. पण टेबलावरचं सगळं नाहीसं झालंय," काका जमिनीकडे बघत म्हणाले. टेबल म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा, एवढं मला कळलं. ते जमिनीकडे का बघतायत, ते कळलं नाही.

"अर्ध्या तासाचं काम आहे, काका," मी म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारची एसटी पकडून गेले. कॉम्प्युटरवर हन्नाकाकूच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा टाकलेला होता. काकांनी तो घडी घालून बाजूला ठेवला, मी बटण दाबलं आणि पडदा उजळल्यावर माझं तोंड उघडंच राहिलं. अक्षरं इंग्रजी नव्हतीच. सगळी हिब्रू. एवढ्यावर भागतं तरी मी निभावून नेलं असतं, कारण मला कुठे वाचायचं होतं? पण स्टार्टचं बटण उजव्या कोपऱ्यात गेलेलं. उघडलेली चौकट बंद करायची फुली डावीकडे आलेली. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून त्या लोकांनी अख्खा पडदाच फिरवून ठेवला होता. माझी सगळी विद्या डाव्या-उजव्याची, आणि इथे डाव्याचं उजवं झालेलं.

"काका, तुम्हाला हे वाचता येतं ना?"

"येतं की. रोज प्रार्थना वाचतो मी." त्यांनी चष्मा चढवला, यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि अडखळले. "त... ख... न... हिकडं अक्षरांखाली टिंबं नायत गो. पुस्तकात टिंबं असतात, त्यावरनं कळतं आ म्हणायचं का ए."

"बरं, जमेल तसं वाचा. अर्थ काय त्याचा?"

"अर्थ?" काका हसले. "अर्थ कुठं येतो मला? बापानं वाचायला शिकवलं, मी वाचतो. अर्थ देवाला कळतो."

एरवी मी कुणालाही सोडत नाही, पण त्यांना कुठल्या तोंडाने डाफरणार? ते अर्थाविना वाचत होते आणि मी वाचल्याविना शिकवत होते. एकाच माळेचे मणी आम्ही.

पडद्यावर दोन-तीनच चित्रं उरली होती. त्यातली टोपली तेवढी ओळखीची. आणि अडलेल्या माणसाचा हात जे येतं तेच करतो. मी टोपलीवर उजवं बटण दाबलं, वरून तिसरी ओळ निवडली. लगेच एक चौकट आली. लांबलचक प्रश्न, खाली दोन बटणं. त्या सगळ्यात मला वाचता येण्यासारखी एकच गोष्ट होती, २३ हा आकडा.

माझा हात सवयीने डावीकडच्या बटणाकडे गेला, तेवढ्यात काका उत्साहाने पुढे वाकले. "हे येतं मला! डावीकडं लिवलंय 'लो'. लो म्हंजे नको. दहा आज्ञांत सारखं येतं, हे करू नको, ते करू नको. उजवीकडं 'केन' हाय, ते व्हयसारखं काहीतरी."

"शाब्बास काका!" मला हुरूप आला. "म्हणजे बटणंसुद्धा उलटी आहेत. उजवीकडचं दाबायचं." मी बाण उजवीकडे नेला.

"काय विचारतोय तो?"

"केर टाकून देऊ का, म्हणतोय. तेवीस वस्तू आहेत."

काकांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थरथरत होता, पण पकड घड्याळजीची होती.

"तेवीस? थांब गो! त्यात हन्ना हाय!"

मी बोट उचललं. मग काका एकेक करून बोलले, आणि कालची ती खाली गेलेली मान मला समजली. एलियाहने जाताना त्यांना शिकवलं होतं, हे तुमचं टेबल, ही चित्रं म्हणजे तुमचं सामान आणि ही टोपली. बिचाऱ्याने बापाला कळावं म्हणून असं सांगितलं. तो गेला आणि पहिलाच शुक्रवार आला. काकांनी टेबल आवरलं. प्रत्येक चित्र माऊसने ओढून टोपलीत घातलं, मोजून. तेवीस. शनिवारी रात्री टोपली उघडली तर सामान आत दिसतंय, पण कशावरही दाबलं तरी ते चालेना. जे यंत्र कळत नाही त्यात पेचकस घालत बसू नये, हा त्यांचा धंद्याचा नियम. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, वर लुगडं घातलं आणि वर्षभर हात लावला नाही.

"पन्नास वर्षांत माझ्या टेबलावरचा एक स्क्रू हरवला नाय," ते म्हणाले. "हे कुणाला सांगू? लाज वाटली."

मला असला राग आला! "काल सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आत्ता टाकून दिलं असतं ना मी सगळं!" मी ओरडले खरी, पण राग त्यांच्यावर नव्हता. एका मेलेल्या बाईचे शब्द मी केर म्हणून झाडून टाकणार होते, तेही मोठ्या ऐटीत, न वाचता. मी डावीकडचं 'लो' दाबलं. चौकट गेली.

त्यानंतर मात्र मी एकेक पाऊल जपून टाकलं. टोपली उघडली. माऊसने चौकट ओढून सगळ्या वस्तू एकदम निवडल्या. आमच्याकडे मेनूतला डावीकडचा पहिला शब्द, तर इथे उजवीकडचा पहिला. त्याखालची पहिली ओळ म्हणजे वस्तू जागच्या जागी परत. दाबण्याआधी मी काकांना विचारलं, "यात कुठे लो दिसतंय का?" ते म्हणाले, नाय. मी डोळे मिटून दाबलं. उघडले तेव्हा टोपली रिकामी होती आणि तेवीसच्या तेवीस चित्रं टेबलावर येऊन पडली होती. काकांनी ती बोटाने मोजली. उजवीकडून.

आता यात हन्नाकाकू कुठली? चित्रांखाली नावं, तीही बिनटिंबांची. मी पर्समधली वही काढली. काका नाव जमेल तसं वाचायचे, मी ते मराठीत लिहायची, शेजारी चित्र काढायची आणि मग ते उघडून बघायचो. एक निघालं हिशेबाचं यंत्र. एक रंग भरायचं. एक पत्त्यांचा डाव, तो काकांनी ताबडतोब बंद करायला लावला. एकात नुसतंच कोरं पान. जे ओळखलं ते काका माऊसने ओढून एका रांगेत लावायचे, बारीक सामान बारकं म्हणून वेगळं, जड सामान वेगळं. हात थरथरायचा, चित्र भलतीकडेच सुटायचं, ते पुन्हा उचलायचे. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "माझं टेबल हाय."

सतरावं चित्र कर्ण्याचं होतं. खाली तीनच अक्षरं.

"अ, म, अ," काका म्हणाले. "आमा? ओमा?" ते थांबले. "एलियाहची पोर शीरा फोनवर आपल्या आयशीला हाक मारते ना, इमा, इमा. इमा म्हंजे आई गो."

त्यांनीच दोनदा दाबलं. आधी खरखर झाली. मग खोलीत हन्नाकाकू बोलायला लागली.

"एलियाह, गेलास ना भाईर? दार लाव. हां. आता ऐका. दगडावर हिब्रू नको. तुझे बाबा हिब्रू फडाफडा वाचतात, कळत काय नाय. माझ्याकडं येतील, वाचतील नि जातील. त्यांना कळंल असं लिवा. मराठीत. हन्ना सॅम्युएल अष्टमकर. खाली एकच शब्द लिवा, आवरलं. इतकी वर्सं मी आतनं विचारलं नि त्यांनी सांगितलं. आता त्यांनी येऊन विचारावं, उत्तर तयार हाय. रडू नका म्हणावं. आणि मधल्या खोलीतल्या घड्याळाला चावी द्यायची तेवढी..."

तिथे आवाज तुटला. त्या यंत्रात एका वेळी एकच मिनिट भरायचं.

मला रडू आवरलं नाही. काका रडले नाहीत. ते उठले, मधल्या खोलीत गेले आणि मला कुरकुर ऐकू आली. घड्याळजीच्या घरातलं घड्याळ वर्षभर बंद होतं. चावी द्यायचं काम काकूचं होतं आणि ती गेल्यावर ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. किल्ली भोकात बसायला वेळ लागला, पण बसली. "किती वाजले गो?" त्यांनी आतून विचारलं. मी माझं घड्याळ बघून सांगितलं, चारला दहा कमी. त्यांनी काटे लावले.

मी वहीचं पान फाडून बाबाजीसाठी मोठ्या अक्षरांत लिहिलं. नाव, आणि खाली तो एक शब्द. परतताना गडबला उतरून ते त्याच्या हातात द्यायचं मी कबूल केलं.

"आता आवरूया," काका म्हणाले.

"टोपलीत नाही हं." मी टेबलावर एक नवी डबी करून दिली. ती फोल्डरची पिवळी घडी असते ना, ती. यात ठेवलेलं कुणी टाकत नाही, असं त्यांना दोनदा सांगितलं, तेव्हा पटलं. मग त्यांनी एकेक चित्र उचलून डबीत घातलं. मी हात लावला नाही. बाहेर पुलावरून कंपनीची शिफ्ट सुटल्याच्या सायकली जात होत्या.

काकांनी माऊसवरचा हात काढला, तेव्हा माझ्या तोंडून नकळत गेलं, "आवरलं का, काका?"

"बावीस आवरले," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "ती राहू दे भाईर."