हॅझलकोटच्या शिवेचा दगड

मित्रांनो, मी शिवेचा दगड. इंग्लंडात हॅझलकोट नावाचं एक लहानसं गाव आहे. त्याची हद्द ओढ्यापाशी जिथं संपते, तिथं मी उभा असतो. मध्ये बरीच वर्षं आडवा होतो, ते पुढं सांगतोच.

माझा जन्म टेकडीवरच्या खाणीतला. पाथरवटानं माझ्या तोंडावर मधोमध रेघ मारून एकीकडे हॅझलकोटचं आणि दुसरीकडे शेजारच्या वॉरिंगचं पहिलं अक्षर कोरलं. माझ्या कडेला एक खोलगट शिंपला रुतलेला आहे. त्या खाणीतल्या दगडांत असे शिंपले निघतातच. पाथरवट तो छिन्नीनं उडवणार होता, इतक्यात त्याला जेवणाची हाक आली आणि शिंपला राहून गेला. त्याच्या भुकेचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

त्या काळी नकाशे जमीनदारांच्या कपाटात असत आणि गावाची हद्द माणसांच्या डोक्यात. ती तिथं पक्की राहावी म्हणून दर मे महिन्यात सगळं गाव हातात सोललेल्या काठ्या घेऊन शीव चालायला निघे. वाटेतल्या प्रत्येक खुणेला काठ्यांनी बडवायचं. माझ्यापाशी आलं की एखाद्या पोराला दोघांनी काखेत धरून उचलायचं आणि त्याचं ढुंगण माझ्यावर आपटायचं. एवढं शेकल्यावर पोरगं म्हातारं झालं तरी जागा विसरणार नाही, असा सरळ हिशेब. मग त्याला मनुकांचा गोड पाव मिळे आणि मोठ्यांना बिअर.

गावात माणसं किती, हे मी त्या मिरवणुकीवरूनच ओळखत असे. एके काळी पाद्रीबुवांची प्रार्थना माझ्यापाशी संपत आली तरी मिरवणुकीचं शेपूट गिरणीजवळच रेंगाळत असे. मग जमीनदारांनी गायरानं कुंपणात घेतली आणि माणसांच्या जागी मेंढ्या आल्या. रेल्वे आली, ती वॉरिंगला. काही घरं कॅनडाला निघून गेली. "हॅझलकोटात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि अकलेतही त्याच पुढं," असं म्हणत वॉरिंगचे लोक हसत. पुढं पहिलं महायुद्ध झालं आणि माझ्यावर आपटलेली कितीतरी पोरं फ्रान्सच्या चिखलात राहिली. त्यानंतरच्या मे महिन्यात मिरवणूक आली खरी, पण बराच वेळ कोणी काठी उचलली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट. शेतांची कुंपणं राखणारा जेथ्रो ट्रसलर आपल्या मुलांना घेऊन आला होता. त्याच्या दोन्ही पोरांना आपटून झालं, तशी त्यांची धाकटी बहीण ऑलिव्ह पुढं सरसावली.

"बाबा, आता मला."

"पोरींना नाही आपटत, बाळे. तू लग्न करून दुसऱ्या गावी जाणार. आमच्या शिवेची आठवण तिकडं नेऊन काय करशील?"

सगळे हसले. जेथ्रो वाईट माणूस नव्हता. त्यानं आपल्या वाटणीचा पाव तिला दिला, पण तिनं तो खाल्ला नाही. लोक पुढं गेले तरी ती माझ्या वॉरिंगकडच्या अंगाला बसून राहिली, अंगठा शिंपल्यात खुपसून. ती रडली नाही. मलाच रडू आलं असतं, पण दगडाला ती सोय नाही.

पुढं तिचा एक भाऊ मोटारींच्या कारखान्यात कॉव्हेंट्रीला गेला आणि दुसरा ऑस्ट्रेलियाला. शाळा बंद पडली, मग दुकान. एका वर्षी पावसाचं निमित्त झालं आणि शीव चालणं राहिलं, ते राहूनच गेलं. ओढ्याच्या पुरात मी कलंडलो. गॅस्किन नावाच्या शेतकऱ्याला चांगला लांबट दगड दिसला, त्यानं मला उचलून जवळच्याच चरावर पालथा टाकला. माझी अक्षरं चिखलाकडे गेली आणि मी पूल झालो. ऑलिव्हनं लग्न केलं नाही, गावही सोडलं नाही. गॅस्किनच्या गोठ्यात दूध काढायला ती रोज माझ्यावरूनच जाई आणि मला ओळखत नसे. त्याचं मला फार वाईट वाटे.

अलीकडे सरकारदरबारी हॅझलकोट वॉरिंगमध्ये मिसळून टाकायचं घाटू लागलं. एवढ्याशा माणसांसाठी वेगळं गाव हवं कशाला, असं म्हणे. गावाच्या ते जिव्हारी लागलं. आता चर्चमध्ये पाद्रीबाई आहेत. त्या म्हणाल्या, याचा निर्णय करणाऱ्या सभेच्या आधी शीव चालू या. आपली शीव आपल्यालाच ठाऊक नसेल तर कोणत्या तोंडानं वेगळं राहायचं म्हणणार?

मिरवणूक निघाली. तिला शेपूट म्हणावं असं काही नव्हतंच. बाकी सगळ्या खुणा सापडल्या, फक्त मी सापडेना. खानावळवाला डेस्मंड पाइक काठीनं खाजरी झुडपं झोडपत होता. सगळे उभा दगड शोधत होते आणि शोधताना माझ्यावरूनच चर ओलांडत होते. शेवटी पाद्रीबाईंनी परत फिरायचं ठरवलं. आता शीव अर्धवट राहणार आणि मी कायमचा चिखलात, हे मला कळून चुकलं.

म्हातारी ऑलिव्ह काठी टेकत सगळ्यांच्या मागून आली. दमून माझ्यावरच बसली. आधारासाठी तिनं माझी कड धरली आणि तिचा अंगठा शिंपल्यात गेला.

तिनं अंगठा तिथंच दोनदा फिरवून पाहिला. मग म्हणाली, "डेस्मंड, शोधू नकोस. मी त्याच्यावरच बसलेय."

पहारी आल्या, दोरखंड आले, मला पुन्हा ओढ्यापाशी उभं केलं. चिखल धुतल्यावर अक्षरं दिसली. आता कोणाला तरी आपटायला हवं होतं, पण मिरवणुकीत एकही मूल नव्हतं. ऑलिव्हनं आपली काठी पाद्रीबाईंच्या हातात दिली.

"मला आपटा."

"या वयात, ट्रसलरबाई?" डेस्मंड म्हणाला. "हाड मोडलं तर डॉक्टरही वॉरिंगचाच आहे."

"मग हळू आपट. दगड तो आहे, मी नाही."

दोघांनी तिला काखेत धरून उचललं आणि अंड्यांची टोपली ठेवावी तसं माझ्यावर टेकवलं. ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. माझ्या पाठीवर हात ठेवून ती हलकेच म्हणाली, "पोरं गेली, बाबा. मी इथंच आहे."

डेस्मंडनं तिला मनुकांचा पाव दिला. या खेपेला तिनं तो सगळा खाल्ला.

सभा अजून व्हायची आहे. गाव वेगळं राहील की नाही, मला ठाऊक नाही. पण मित्रांनो, तुमच्या गावाच्या शिवेवरही एखादा दगड असेल. कदाचित तुम्ही रोज त्याच्यावरूनच चालत असाल. एकदा थांबून त्याची माती झाडा. आणि पोरांना शीव दाखवायला न्याल, तेव्हा मागं उभ्या असलेल्या पोरीलाही पुढं बोलवा. कोण जाणार आणि कोण राहणार, हे दगडालाही आधी कळत नाही.