शिंप्याने दिलेली उशी

साहेब, भेटवस्तू घेतल्याचा ठपका तुम्ही माझ्यावर ठेवलात, आणि उशी मात्र ताईंच्या बुडाखाली आहे!

हो, जळतो मी ताईंवर. लपवत नाही. एकाच टेबलावर आम्ही लोकांचे जुने कागद शोधून देतो. ताई कायम, मी सहा महिन्यांचा हंगामी. त्यांची खुर्ची गोल फिरते. माझ्या खुर्चीचा खिळा रोज वर येतो.

एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घराचा कागद मी तीन दिवस धूळ खाऊन शोधला. ताईंनी त्याला आधी अकरा वेळा 'उद्या या' सांगितलं होतं. माझी फाटलेली पँट त्याने पाहिली आणि दुसऱ्या दिवशी चिंध्यांची उशी घेऊन आला.

"नको हो बाबा, नियम आहेत."

"चिंध्यांनी विकले जाता का तुम्ही? बसा गुमान."

ताई म्हणाल्या, "अरे, किरकोळ भेट चालते. भेटवस्तूंच्या वहीत नोंद कर, झालं."

वहीत सहा आकडी कर्मचारी क्रमांकाचा रकाना. हंगामी माणसाला क्रमांकच नसतो. मी जागा रिकामी सोडली, तर वहीवाल्याने वही परत ढकलली. "रिकामं चालत नाही."

"माझा टाक रे," ताई म्हणाल्या. "आपण काय परके?"

टाकला. अक्कल गहाण ठेवली होती. चहा पिऊन येतो तो उशी ताईंच्या खुर्चीवर!

"नोंद माझ्या नावावर ना, भाऊराया? मग कुणी विचारलं, तर उशी माझ्याकडेच दिसायला हवी ना?" वर हसल्या. त्या उशीपेक्षा मी त्यांच्या सहा आकड्यांवर जास्त जळलो.

परवा शिंपी पुन्हा आला. तुम्ही तिथेच उभे होतात. "अहो, ही मी यांच्यासाठी शिवली!" तो माझ्याकडे बोट दाखवून ओरडला. तुम्ही वही मागवलीत, माझं नाव सापडलं नाही, आणि शेरा मारलात: भेट घेतली, नोंद केली नाही. ताई पेनाचं टोपण उघडबंद करत बसल्या.

शुक्रवारी माझी मुदत संपते. त्या शेऱ्यावर ती वाढणार नाही, हे घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही. म्हणून सही करण्याआधी सांगा, साहेब: उशी ताईंची असेल, तर मी भेट घेतली कुठे? आणि माझी असेल, तर त्या तिच्यावर बसल्यात कशा?

तोंडी नको. लेखी द्या.