आखूड दोर

नदीच्या वळणावरच्या आमच्या बॅरो बेंडला होडी लांब दोराने बांधतात. एवढं ज्याला कळत नाही त्याने नदीकाठी घर घेऊ नये, खुशाल शहरात टेकडीवर जाऊन राहावं. नदी चढते. दोर आखूड असला की होडीला वर येता येत नाही, तिचं नाक खाली ओढलं जातं, नाकावरून पाणी आत शिरतं आणि होडी तळाला जाते. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की कुणाचीही होडी आखूड बांधलेली दिसली तर जाता जाता दोर सोडून लांब बांधायची. मालकाला विचारायचं नाही. मालकाशी दहा वर्षं बोलणं बंद असलं तरी करायचं. माझा नवरा वॉली तर हे झोपेतही करेल. बासष्ट वर्षं याच काठावर गेलीत त्याची.

आमची लेक केरिन अकरा दिवसांपूर्वी आमच्याकडे आली, ती जबडा तारेने बांधलेला घेऊनच. तिच्या नवऱ्याने, त्या ट्रॉयने, फ्रिजच्या दारात तिचं डोकं धरून दार आपटलं होतं. कोर्टाने त्याला हुकूम दिला होता, तिच्यापासून दोनशे मीटर लांब राहायचं. त्या हुकमाला तो काय भीक घालणार? त्याने मला फोन करून सांगितलं, "या वेळी तिला घेऊन गेलो ना सासूबाई, तर परत फोन यायचा तो दफनाचाच." असं म्हणून हसला मेला. तो ते करणार याबद्दल मला तिळभर शंका नव्हती.

त्यामुळे मंगळवारी नदी काठ सोडून वर आली तेव्हा, खरं सांगते, मला बरंच वाटलं. सकाळपर्यंत रस्ता बुडाला, शेजारच्या मर्व्हची हिरवळीची शेतं बुडाली, कुंपणाच्या खांबांवर साप चढून बसले. आमचं घर खांबांवर आहे, व्हरांड्यापासून पाणी अजून चार हात खाली होतं. म्हटलं, आता कोण येतंय इथे? पोलीस येणार नाहीत, तसा तोही येणार नाही.

अकरा वाजता तो आला. कुणाची तरी पत्र्याची, इंजिनाची होडी उचलून, शेतांवरून थेट. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. केरिनला मी पोटमाळ्यावर ढकललं आणि शिडी काढून घेतली. वॉली मागच्या बाजूला, पाण्याच्या गोंगाटात, कोंबड्या टाकीवर चढवत होता. ट्रॉयने होडी व्हरांड्याच्या खांबाला बांधली, ती कशी? वीतभर दोराने, बाकीचं वेटोळं होडीतच टाकून. गाठीवर गाठ मारून, शहरातल्या माणसासारखी.

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. पाणी तासाला हातभर चढत होतं. अर्धा तास. अर्धा तास याला घरात अडकवला, की होडी जाते तळाला आणि मग हा केरिनला कशात घालून नेणार? दुपारी पूर-मदतीचे नारिंगी कपड्यांतले स्वयंसेवक मोठी होडी घेऊन येणारच होते, त्यांच्यापुढे याची काय टाप होती. मला फक्त मार खायचा होता. तो मी आयुष्यात याआधीही खाल्लाय, पहिल्या नवऱ्याचा.

दार त्याने लाथेने उघडलं. हातात गाडीच्या चाकाचा लोखंडी पाना.

"कुठाय?"

"गेली. काल मर्व्हबरोबर वरच्या शाळेत गेली. चहा घेतोस?"

"मला चहा विचारते थेरडी," तो म्हणाला आणि कपाटाच्या काचा फोडल्या. आईच्या लग्नातल्या बशा होत्या. एकेक करून फोडल्या त्याने, माझ्याकडे बघत. मी किटली गॅसवर ठेवली.

"साखर किती?" मी विचारलं.

पाना माझ्या तोंडावर बसला. दोन दात जिभेवर आले, ते मी मोरीत थुंकले. मग त्याने माझे केस धरून डोकं ओट्यावर आपटलं, एकदा, दोनदा. मी मोजत होते. मार नाही, मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात वीस झाली होती.

"सासूबाई, शेवटचं विचारतो."

"विचार की. तुझ्या आईने तुला एवढंच शिकवलं, विचारायचं आणि ठोकायचं."

त्याने माझा डावा हात ओट्यावर धरला आणि पाना बोटांवर मारला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला, त्यानंतरची थोडी मिनिटं मला नीट आठवत नाहीत. शुद्धीवर आले तेव्हा घड्याळात पस्तीस झाली होती. मी खिडकीकडे पाहिलं. आता होडीचं नाक बुडालेलं असणार होतं.

होडी मजेत तरंगत होती. चांगला पाच-सहा वाव, म्हणजे तीसेक फूट दोर, सैल, आणि खांबाला आमची गाठ.

तेवढ्यात वॉली मागच्या दाराने आत आला. ओले हात पँटला पुसत. त्याने मला पाहिलं, ट्रॉयला पाहिलं.

"वॉली," मी म्हणाले, "तू दोर सोडलास?"

"अगं, आखूड होता," तो म्हणाला. "म्हटलं, स्वयंसेवकांपैकी कुणीतरी आलंय."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा जितका राग आला तितका ट्रॉयचाही आला नव्हता. वॉली म्हातारा, पण धावून गेला त्याच्यावर. ट्रॉयने पाना त्याच्या गुडघ्यावर घातला. वॉली खाली बसला, त्याला पुन्हा उभं राहता येईना. आणि आमचा कुत्रा, डस्टी, घाबरून पोटमाळ्याच्या झडपेखाली जाऊन बसला आणि वर बघून शेपूट हलवू लागला.

ट्रॉय हसला. टेबलावर चढला, झडप ढकलली आणि केरिनला पायाला धरून खाली ओढलं. ती टेबलावर आपटली, मग जमिनीवर. जबडा बांधलेला, तिला ओरडताही येत नव्हतं, नुसता घशातून आवाज येत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो. केसाला धरून त्याने तिला व्हरांड्यात फरफटत नेलं आणि होडीत टाकलं. मी मागून गेले. भिंतीला वल्हं टांगलेलं होतं, ते उजव्या हातात घेतलं आणि त्याच्या मानेवर घातलं. तो वळला. तेवढ्यात केरिनने अंगठा त्याच्या डोळ्यात खुपसला, थेट मुळापर्यंत. तो डोळा धरून किंचाळत होडीतच कोसळला आणि केरिन पाण्यात पडली. मी तिला गळपट्टीला धरून वर ओढलं. मोडक्या हाताने ओढलं की चांगल्या, देव जाणे.

ट्रॉय एका डोळ्याने गाठ सोडू लागला. त्याला ती सुटेना. वॉलीची गाठ ओली झाली की आवळते, ती कुठे दाबायची हे माहीत असावं लागतं. मग त्याने सरळ इंजिन सुरू करून जोरात सोडलं. होडी दोर संपेपर्यंत गेली, रस्त्यावरच्या धारेत हिसका बसून आडवी झाली आणि उलटली.

तो वर आला दोराला धरून. पाणी त्याला खाली खेचत होतं, पण अंगात बळ होतं. हातापुढे हात टाकत तो घराकडे येऊ लागला.

"ओढा," तो ओरडला. "वॉली, ओढ रे."

आमच्याकडे पाण्यात पडलेल्याला ओढतात. तो कोण आहे हे नंतर बघतात. वॉली मोडका गुडघा घेऊन सरपटत खांबाशी पोचला तेव्हा मला वाटलं, झालं, हा आता त्याला ओढणार. भिंतीवर कुऱ्हाड होती, ती मी काढली.

"ठेव ती," वॉली म्हणाला. "दोर कापायचा नसतो."

त्याने ट्रॉयकडे पाहिलं. चार-पाच हातांवर होता तो. मग केरिनकडे पाहिलं. अंगठ्याने गाठ जिथे दाबायची तिथे दाबली, आणि दोर सोडला.

ट्रॉय चौथ्या दिवशी सापडला, पुलाखालच्या झाडांत, दोर मनगटाला गुंडाळलेला. पोलिसांना वॉलीने सांगितलं की गाठ सुटली. बेंडवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे की वॉलीची गाठ आपोआप सुटत नाही. पोलिसांनी सगळ्यांना विचारलं. मर्व्ह म्हणाला, "पुरात काय, काहीही सुटतं."

मला त्या माणसाचं काडीचं वाईट वाटलं नाही, वाटणारही नाही. केरिन आता जेवते, बोलते, माझ्याशी भांडतेसुद्धा. पण वॉलीने त्यानंतर एकही गाठ मारलेली नाही. आमची होडी मीच बांधते, डाव्या हाताच्या धड उरलेल्या दोन बोटांनी जमेल तशी. काठाकाठाने काठी टेकत आम्ही फिरायला जातो, आणि कुणाची होडी आखूड बांधलेली दिसली की वॉली मान खाली घालून पुढे निघून जातो. मी थांबते आणि दोर लांब करते.